अवक्षेप पडणार की नाही, हे ओळखताना

दोन द्रावणं मिसळल्यावर न विरघळता खाली बसणारा घन पदार्थ म्हणजे अवक्षेप. तो ओळखायला विद्राव्यतेचा, म्हणजे काय पाण्यात विरघळतं याचा, अख्खा तक्ता घोकत बसू नकोस. आधी एवढंच पक्कं कर: सोडियम, पोटॅशियम, अमोनियमचे नेहमीचे क्षार आणि सगळी नायट्रेट्स पाण्यात विरघळतात. या एका ओळीवर निम्मे प्रश्न सुटतात.

मग दोन्ही द्रावणांतले आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे लिहून काढ आणि जोड्या अदलाबदल करून बघ. लेड नायट्रेटमध्ये पोटॅशियम आयोडाइड घातलं, तर नव्या जोड्या दोन. पोटॅशियम नायट्रेट विरघळलेलंच राहणार, म्हणजे संशयित एकच उरला: लेड आयोडाइड. तोच तो पिवळाधमक अवक्षेप. प्रयोगशाळेत परवानगी मिळाली तर तो भरपूर पाण्यात तापवून विरघळव आणि परीक्षानळी हळूहळू निवू दे; सोनेरी चकत्या तरंगताना दिसतील. लेड म्हणजे शिसं, आणि शिसं विषारी आहे, तेव्हा ते बेसिनमध्ये ओतायचं नाही.

दोन्ही जोड्या तपासायच्या, हे मात्र विसरू नकोस. कॉपर सल्फेट आणि बेरियम हायड्रॉक्साइड एकत्र केलं की बेरियम सल्फेटही खाली बसतं आणि कॉपर हायड्रॉक्साइडही. मुलं पहिला सापडला की थांबतात आणि हमखास मार्क घालवतात. उलट कॉपर सल्फेटमध्ये मीठ टाकलं तर अवक्षेप नाहीच. तिथे ओढूनताणून समीकरण लिहू नये.

‘अविद्राव्य’ हा शब्दही जरा सैलच घे. लेड क्लोराइड 20 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे 10 ग्रॅम विरघळतं, सिल्व्हर क्लोराइड जेमतेम दोन मिलिग्रॅम. पुस्तकात दोन्ही एकाच रांगेत बसवलेले असतात. म्हणून लेडचं द्रावण फार पातळ असेल तर क्लोराइड घालूनही काही दिसत नाही.