व्होल्टेज उतरलं की मोटर तापते

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. भावाच्या दुखण्याला अखेर नाव मिळालं, फ्रीडरिक अटॅक्सिया, म्हणजे जनुकातल्या दोषामुळं तोल जाणारा आजार. आधीच्या एक्झोम तपासणीत, म्हणजे जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग वाचणाऱ्या तपासणीत, काहीच निघालं नाही म्हणून तू चिडली आहेस. पण ती तपासणी या आजारात बहुतेक वेळा चुकतेच. नवव्या गुणसूत्रावरच्या जनुकात जीएए ही तीन अक्षरं शेकडो वेळा लागोपाठ आलेली असतात, तीही एक्झोम सहसा वाचत नाही अशा भागात. ती मोजायची चाचणी वेगळी. आजाराचं वर्णन १८६३ सालचं, जनुक सापडायला मात्र १९९६ उजाडलं.

याच आजारावर काम करायचं म्हणतेस, तर आपल्या वावरातली मोटर डोळ्यांपुढं आण. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत डीपीवर लोड येतो, व्होल्टेज उतरतं. मोटर पाणी कमी फेकते अन् वायंडिंग तापत जातं. भावाच्या पेशींत असंच चाललंय. त्या लांबलेल्या अक्षरांमुळं फ्रॅटॅक्सिन हे प्रथिन कमी बनतं. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, लोह आणि गंधकाचे बारीक जोड बांधायला ते लागतं. जोड अपुरे पडले की ऊर्जा घटते, लोह साचतं, आणि वाटेत गळालेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटून जे रेणू बनतात ते पेशीला आतून पोळतात. ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात तो हाच. अशा वेळी पेशीचा बचाव उभा करणारं एनआरएफ-२ नावाचं प्रथिनही या आजारात मंदावलेलं असतं.

मग हा ताण कमी करणारे अँटिऑक्सिडंट दिले की झालं, असं आम्हालाही वाटलं होतं. माझ्या पुतण्यालाही हाच आजार, त्याला वर्षानुवर्षं तशा गोळ्या दिल्या. पुढं इडिबेनोन या अशाच एका औषधाच्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत ठाम फायदा दिसला नाही. त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. शहरातल्या एका दवाखान्यानं स्टेम सेलच्या सुया दिल्या, पोरगा चालेल म्हणून सांगितलं. दादानं त्यापायी दीड एकर वावर विकलं. पोरगा चालला नाही. तुझ्या बाबांना कोणी असं काही सांगितलं, तर पैसे देण्याआधी त्यांनी मला फोन करावा. हात जोडून सांगतो.

ओमाव्हेलोक्सोलोन या नव्या औषधाची वाट निराळी आहे. ते एनआरएफ-२ ला जागं करतं. ४८ आठवड्यांच्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांची हालचाल न घेणाऱ्यांपेक्षा बरी राहिली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत १६ वर्षांपासून पुढच्या रुग्णांसाठी त्याला मंजुरी मिळाली. त्यानं आजार बरा होत नाही, यकृतावरही नजर ठेवावी लागते. मोटर जळायची लांबते एवढंच म्हण. व्होल्टेजच वाढवायचं, म्हणजे पेशीला फ्रॅटॅक्सिन मिळवून द्यायचं, तर जनुक आत पोचवण्याचे किंवा ते प्रथिनच बाहेरून देण्याचे प्रयत्न सुरू आहेत. तुझ्या जागी मी असतो तर तिथंच घुसलो असतो.

पण प्रयोगशाळेत जायच्या आधी घरी नीट बघ. माझा पुतण्या न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटायचा अन् लगेच भिंत धरायचा. पाय कुठं आहेत हे त्याला डोळ्यांनीच कळत होतं. म्हणून तर दिवसा धुऱ्यावरून नीट येणारा पोरगा दिवेलागणीला पडायचा. आम्ही त्याला धांदरट म्हणायचो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आईला कोणी बोल लावत असेल तर सिकलसेलचा दाखला दे, गावात तो सगळ्यांना समजतो. दोष दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि आई-बाबा दोघंही निरोगी असतात. तुझ्यात आजार नसेल, तर तू वाहक, म्हणजे एकाकडूनच दोष आलेली, असण्याची शक्यता तिनात दोन. तुझी तपासणी सावकाश कर, त्याची घाई नाही.

घाई आहे ती हृदयाची. या आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो, साखरही वाढू शकते. सोयाबीन निघालं की भावाला नागपूरला मेडिकलला घेऊन ये. इको, ईसीजी अन् साखर, तिन्ही करून घेऊ. मी गेटवर उभा राहीन.

तुझे सर