आधी सुई, मग डबा

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न: वडिलांच्या दीडशे एलपी घरात आहेत. दोन वर्षांपूर्वी ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स टर्नटेबल घेतला. रोज रात्री जेवण झालं की तासभर ऐकणं होतं. हल्ली गाण्यातले 'स', 'श' चरचरतात, बाजू संपत आली की जास्तच. दुकानदाराने ६८ हजारांचा फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) सुचवलाय. तो बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावा, की दहा हजारांची एसआयपी सात महिने थांबवून? हातात येणारा पगार ९२ हजार, घरकर्जाचा हप्ता ३४ हजार, घरखर्च ४० हजारांच्या आसपास, अडीअडचणीसाठी बाजूला १ लाख १० हजार. दिवाळीला सव्वा लाखाचा बोनस अपेक्षित आहे.

हेच ६८ हजार वीस वर्षं गुंतवले तर किती होतील, हा हिशेब मी मांडणार नाही. त्या हिशेबाने माणसाने चहासुद्धा पिऊ नये. मला खटकतोय तो खरेदीचा क्रम.

सुईकडून येणारा सिग्नल असतो जेमतेम चार मिलिव्होल्टचा. फोनो प्रीॲम्प तो शंभरेक पट वाढवतो, आणि रेकॉर्डची खाच कापताना मुद्दाम दाबलेला खर्ज व चढवलेले वरचे सूर पुन्हा जागेवर आणतो. यासाठीचा आरआयएए वक्र (कुठला सूर किती दाबायचा-चढवायचा याचं ठरलेलं माप) १९५४ पासून रूढ आहे. तुमच्या टर्नटेबलात साधा प्रीॲम्प आधीच बसवलेला आहे. मागे फोनो-लाइनचा खटका दिसेल. बाहेरचा चांगला जोडलात तर आवाज खुलेल, नाही म्हणत नाही. पण चरचर सुईतूनच येत असेल तर तीही शंभर पट मोठी होऊन येणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आता सुई पाहा. तुमच्या मॉडेलसोबत हिरवी व्हीएम९५ई येते. या लंबगोल सुईचं आयुष्य कंपनी स्वतःच ३०० तास सांगते. रोज एक तास, दोन वर्षं, म्हणजे सातशेच्या वर तास झाले! झिजलेली सुई नुसती वाईट वाजत नाही, खाच खरवडते. तुमच्या वडिलांच्या एलपी खरवडल्या जातायत, आणि त्या पुन्हा मिळायच्या नाहीत. आज रात्रीपासून ऐकणं थांबवा.

त्याच कार्ट्रिजवर (सुई जिच्यात बसते त्या डबीवर) मायक्रोलिनियर, म्हणजे आणखी बारीक टोकाची सुई बसते, बोटांनी ओढून बदलता येते. बाजूच्या शेवटी खाच सुईखालून सुरुवातीच्या निम्म्याहून कमी वेगाने सरकते, तिथे हा बारीक आकार जास्त सांभाळून घेतो. साधी सुई चार हजारांना धरली तर ३०० तासांत तासाला तेरा-चौदा रुपये पडतात. मायक्रोलिनियर दहा हजारांना धरली, तर कंपनी सांगते त्या हजार तासांत तासाला दहा. महागडी वस्तू स्वस्त पडण्याचे प्रसंग पैशाचा सल्ला देण्याच्या माझ्या धंद्यात फार येत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतोय.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज घेतेच. तेवढी सूट दुकानदार आधी देतो, इतकंच. पंधरा टक्के दर धरला तर ६८ हजारांत साधारण ५,२०० व्याज आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. म्हणजे रोखीने घेणाऱ्याने पाच हजार कमी करून मागायलाच हवेत. एसआयपीला मात्र हात लावू नका. सात महिन्यांसाठी थांबवलेली एसआयपी आठव्या महिन्यात सुरू झालेली मी क्वचितच पाहिली आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. हप्ता धरून महिन्याचा खर्च ७४ हजार, आणि अडीअडचणीची शिल्लक जेमतेम दीड महिन्याची. बोनसमधले ९० हजार सरळ लिक्विड फंडात (लागतील तेव्हा पटकन काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाका. २५ हजारांत सुई, कार्बन ब्रश आणि उरलेल्यात जमेल तो साधा प्रीॲम्प. उरलेले दहा हजार घरच्यांच्या दिवाळीला. प्रीॲम्प सेकंडहँड मिळाला तर जरूर घ्या, त्यात झिजणारं काही फिरत नाही. जुनी सुई मात्र फुकट दिली तरी नको.

प्रीॲम्प घेण्याआधी एक बिनपैशाची चाचणी. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच ॲम्प्लिफायरना फोनो इनपुट, म्हणजे आतच प्रीॲम्प असायचा. नवी सुई बसली की नात्यागोत्यात कुणाकडून तसा एखादा आठवडाभर मागून आणा. मागचा खटका 'फोनो'वर करा (तो 'लाइन'वर राहिला तर सिग्नल दोनदा वाढून आवाज फाटेल), आणि अर्थिंगची वायर जोडायला विसरू नका, नाहीतर घुंऽऽ सुरू होईल. फरक कानाला पटला, तर ६८ हजारांबद्दल पुढच्या बोनसला पुन्हा लिहा.