आरएफ मूल्य १ पेक्षा जास्त येऊ शकतं का?

प्रश्न: पेपर क्रोमॅटोग्राफीत (कागदावर पाणी चढवून शाईतले रंग वेगळे करतात तो प्रयोग) काळ्या स्केचपेनच्या शाईतला निळा ठिपका, शाई लावली होती त्या रेघेपासून ५.६ सेंमी वर चढला, पाणी ८ सेंमी. माझं आरएफ (ठिपका आणि पाणी किती चढलं याचं गुणोत्तर) १.४३ आलं, मैत्रिणीचं त्याच कागदावरून ०.७६. बरोबर कोणाचं?

उत्तर: दोघींचंही नाही. ०.७० यायला हवं.

तू भागाकार उलटा केलास. ८ भागिले ५.६ म्हणजे १.४३. भागाकारात ठिपक्याने कापलेलं अंतर वर (अंशात), द्रावकाने, म्हणजे इथे पाण्याने, कापलेलं खाली (छेदात). शाईला वर नेणारं पाणीच आहे, मग ती त्याच्या पुढे कशी जाईल? आणि एकक लिहू नकोस. मी अकरावीला शिकवते, दरवर्षी चार-पाच जर्नलांत ‘०.७० सेंमी’ सापडतंच.

मैत्रिणीची चूक मात्र लबाड आहे. तुमची रेघ कागदाच्या कडेपासून २ सेंमीवर होती ना? तिने पट्टीचं शून्य रेघेला न लावता कडेला लावलं. ५.६ चे झाले ७.६, ८ चे १०, आणि उत्तर ०.७६. आकडा दिसायला इतका सज्जन की कोणाला शंकाही येत नाही. पण जागचा न हललेला ठिपका घे. त्याचं आरएफ ०, तिच्या मापाने ०.२०! रेघ वर काढतो ती ठिपका पाण्यात बुडू नये म्हणून, नाहीतर शाई भांड्यातच उतरते. मोजायला सुरुवात रेघेपासूनच, दोन्ही अंतरांची.

रेघ पेन्सिलनेच हं. कॉलेजात मी एकदा शाईपेनने मारली होती, थोड्याच वेळात रेघच ठिपक्यांबरोबर वर निघाली. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही.

कागद बाहेर काढल्या काढल्या पाणी जिथवर पोचलंय तिथे खूण कर. वाळल्यावर ती ओली कड दिसत नाही आणि मग सगळं अंदाजपंचे. ठिपका लांबट झाला असेल तर त्याच्या मध्यापर्यंत मोज.

‘निळा म्हणजे ०.७०’ असं पाठ मात्र करू नकोस. द्रावक किंवा कागद बदलला की आकडा बदलतो, नुसतं पाण्यात मीठ घातलं तरी. दोन पेनांची शाई ताडून बघायची असेल तर दोन्ही ठिपके एकाच कागदावर, एकाच रेघेवर शेजारी-शेजारी लाव.