डोंगरातल्या दुर्गम गावात तीन भावंडं अनाथ झालीत, त्यांना शहरातल्या अनाथाश्रमात पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की मोठी मुलगी 12 वर्षांची आहे, धाकटा दीड वर्षाचा, रस्ता संपतो तिथून पुढे दिवसभर चालावं लागतं आणि एकजण शहरात तिघांची सोय लावतो म्हणतोय. माझं मत विचाराल तर लगेच पाठवू नका.

मी काही वर्षं अशा मुलांसोबत काम केलंय. खाली नेलेलं मूल आधी सुट्टीत येतं, मग येणं कमी होतं, मग घरची बोली विसरतं आणि शेवटी आजीशी बोलायलाही त्याला शब्द सापडत नाहीत, हे बघितलंय मी, फार वाईट वाटतं.

आधी गावात त्यांचं कोण आहे ते बघा. आजी, मावशी, काका, चुलत भाऊ, कोणीही. बऱ्याचदा सांभाळायची तयारी असते पण अजून तीन तोंडं खायला कुठून घालायची इथे अडतं, आणि खरं तर आश्रमाला जे पैसे जाणार तेच दर महिन्याला त्या घरात गेले तर प्रश्न सुटतो. संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये पर्यायी सांभाळाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली त्यात हेच आहे, फक्त गरिबी आहे म्हणून मूल घरापासून तोडू नये, भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत आणि 3 वर्षांखालचं मूल कुटुंबातच वाढावं. धाकट्याला तर अजिबात संस्थेत नको. रोमानियात बुखारेस्टला संस्थांमधल्या 136 बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यात जी साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत एखाद्या कुटुंबात गेली ती बुद्धीनं आणि माया लागण्यात बाकीच्यांपेक्षा बरीच सावरली.

आणि तो सोय लावणारा माणूस. नेपाळमध्ये 1996 ते 2006 च्या यादवीत हुमलासारख्या डोंगरी जिल्ह्यातून दलालांनी शिक्षणाचं आमिष दाखवून, वर आईबापांकडूनच पैसे घेऊन मुलं काठमांडूला नेली, कित्येकांचे आईवडील जिवंत असताना कागदोपत्री ती अनाथ झाली. तुमचा माणूस तसाच असेल असं मी म्हणत नाही, पण संस्थेची सरकारी नोंदणी बघितल्याशिवाय आणि बालकल्याणाच्या सरकारी अधिकाऱ्याला कळवल्याशिवाय एकही मूल हलवू नका, कुठल्या कागदावर अंगठाही देऊ नका.

दाखले मात्र आत्ताच करून घ्या, आईवडिलांच्या मृत्यूचे आणि तिघांच्या जन्माचे, नाहीतर पुढे जमिनीवर हक्क सांगताना मुलांच्या हातात काहीच नसतं. वर गावात मोठी शाळा नसेल तर वसतिगृह चालेल, पण सुट्टीत घर हवं आणि घरी वाट बघणारं कोणीतरी हवं.

अजून एक, मोठीला एकटीला बाजूला घेऊन विचारा तिला काय हवंय ते. धाकट्याला कडेवर घेऊन ती शाळा सोडायच्या बेतात असेल आणि ते तिनं कोणाला सांगितलंही नसेल.