कस्टमचे कागद ऑनलाइन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची हळद पावडर न्हावा शेवाहून जाते. कागद आम्ही सीएचएला (कस्टमचं काम करून देणाऱ्या दलालाला) व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, पण ते कस्टमच्या ‘ई-संचित’ या कागद चढवायच्या ऑनलाइन सोयीवर चढत नाहीत असं तो म्हणतो. शिवाय मागच्या खेपेवर भरलेल्या आयजीएसटीचा (एकात्मिक जीएसटीचा) परतावा अडकलाय, शेरा ‘एसबी००५’. – एक निर्यातदार, सांगली

उत्तर : व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो तिथे कामाचा नाही. ई-संचितला पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ) प्रकारची, डिजिटल सही असलेली आणि १ एमबीच्या आतली फाइल लागते. मोबाइलवर रंगीत फोटो काढून पीडीएफ केली, की थोड्या पानांतच ही मर्यादा ओलांडते. स्कॅनरवर २०० डीपीआय (स्कॅनची बारकाई) आणि कृष्णधवल ठेवलं, की तेच कागद सहज बसतात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, स्पायसेस बोर्डाचं नोंदणी प्रमाणपत्र यांची मिळून एक फाइल करू नका. प्रत्येक कागदाला स्वतंत्र आयआरएन (ओळख क्रमांक) मिळतो आणि शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीच्या मालाच्या कस्टमकडच्या घोषणापत्रात, तोच नोंदवायचा असतो.

सही सगळ्यात शेवटी. सही झालेली फाइल कुणीतरी ‘जरा लहान करू’ म्हणून एखाद्या वेबसाइटवर टाकतं आणि सही बाद होते. फाइल उघडून बघितली तर सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणून हा घोळ लवकर सापडत नाही.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, तोही एकदा तपासा. पावडरीचा ०९१०३०३०, सुक्या हळकुंडाचा ०९१०३०२०. जुन्या बिलावरून नवं बिल करताना नेमका हाच आकडा तसाच राहून जातो.

आता परतावा. त्यासाठी वेगळा अर्ज नसतो. शिपिंग बिल हाच अर्ज. त्यातली जीएसटी इन्व्हॉइस आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) च्या तक्ता ६ए मधली निर्यातीची नोंद संगणक ताडून बघतो. एकीकडे ‘टीपी/०४५’ आणि दुसरीकडे ‘टीपी-४५’ असेल तर त्याच्या लेखी ती दोन वेगळी बिलं. बरेच जण निर्यातीची इन्व्हॉइस एका मालिकेत आणि जीएसटीची दुसऱ्या मालिकेत काढतात. एसबी००५, म्हणजे इन्व्हॉइस क्रमांक जुळत नसल्याचा शेरा, त्याचं मूळ बहुधा तिथेच असतं. चूक जीएसटीआर-१ मध्ये असेल तर पुढच्या विवरणपत्रात तक्ता ९ए मधून दुरुस्त करा. ती शिपिंग बिलात असेल, तर दोन्ही इन्व्हॉइसांचा मेळ दाखवणारा तक्ता घेऊन बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्याकडेच जावं लागतं. यापुढे दोन्हीकडे एकच इन्व्हॉइस क्रमांक वापरा, हे बरं.

प्रश्न : मुलगी जर्मनीत असते. पोस्टाने कंदी पेढे, बेदाणे आणि चकली पाठवायची आहे. फॉर्मवर ‘खाऊ’ लिहिलं तर चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. पार्सलची माहिती माल पोचण्याआधीच तिकडच्या कस्टमकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते. ‘खाऊ’, ‘भेटवस्तू’ अशा मोघम नोंदीवर पार्सल अडतं. प्रत्येक जिन्नस वेगळ्या ओळीत, इंग्रजीत, वजन आणि किमतीसह लिहा. बेदाण्यांचा सहा अंकी एचएस कोड ०८०६२०. किंमत शून्य दाखवू नका. घरच्यांनी घरच्यांना पाठवलेल्या भेटीला तिथे ४५ युरोपर्यंत कर लागत नाही.

पेढे मात्र वगळा. बाहेरच्या देशांतून खासगी पार्सलने दुधाचे पदार्थ मागवायला युरोपीय संघात बंदी आहे, आणि साजूक तूपही त्यातच येतं. चकली तेलात तळलेली असू द्या, पिठात लोणी नको.