प्रार्थनेत देवाची ओढ वाटत नाही, ती कशी वाढवावी?

तुम्ही विचारलंय, "मी रोज न चुकता प्रार्थना करते, पण मन कोरडंच असतं. देवासाठी जीव तळमळावा असं काय करू?"

ताई, ओढ नाही याचं तुम्हाला दुःख होतंय, हे आधी नीट पाहा. ज्याला तहानच नाही, तो पाण्यावाचून रडत नाही. तुमचं हे दुःखच आज देवापुढे ठेवा, याच शब्दांत.

मी नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलो. घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची, त्यामुळे शब्द लहानपणापासून तोंडात होते. पुढे कित्येक वर्षं माझी प्रार्थना म्हणजे एक यादी होती: आईची शुगर, मुलाची परीक्षा, घराचं कर्ज. मागणं चूक नाही, प्रभूनेच रोजची भाकर मागायला शिकवलं. पण यादी संपली की मी उठायचो. ज्याच्याकडे मागत होतो, त्याच्याजवळ नुसतं बसलोच नव्हतो.

एका वर्षी ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मी सकाळची यादी बाजूला ठेवली. बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं आणि पंधरा मिनिटं बसायचं. पहिले दोन आठवडे फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मन भरकटलं की स्तोत्रातली एकच ओळ पुन्हा म्हणायचो.

बेचाळिसावं स्तोत्र त्या दिवसांत मला खरं कळलं. पाण्यासाठी लुलपणारी हरिणी सगळ्यांना पाठ असते, पण पुढे वाचा. हा गाणारा मंदिरापासून दूर, यार्देन नदी आणि हर्मोन डोंगराच्या मुलुखात आहे. लोक त्याला विचारतात, तुझा देव कुठे आहे? आसवं हेच त्याचं अन्न झालंय. मग तो काय करतो? आठवतो. सण पाळणाऱ्या समुदायाबरोबर आपण देवाच्या घरी कसे जात होतो, ते आठवून तो आपलं मन मोकळं करतो. त्याची ओढ या आठवणीतून उसळते. म्हणून तुम्हीही आठवा: देव खरोखर जवळ वाटला ती वेळ, ती जागा, ते गाणं. मला आठवते ती आजारी आजीच्या उशाशी म्हटलेली प्रभूची प्रार्थना. आणि हेही पाहा, स्तोत्र संपतं तेव्हा तो अजून दूरच आहे, तरी आपल्या जिवाला सांगतो, देवाची आशा धर.

भेट लांबते याचा अर्थ ऑगस्टीन यांच्याकडून मला उमगला. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे हे बिशप. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचनं देताना त्यांनी पिशवीचा दाखला दिला. आत घालायचं ते मोठं आणि पिशवी लहान असली की आपण ती ताणतो. तसाच देव भेट लांबवून आपली इच्छा वाढवतो, इच्छेने मन ताणलं जातं आणि त्याच्यासाठी जागा होते. कोरडे दिवस वाया जात नाहीत, असं तेव्हापासून मी मानतो.

आणखी एक, गात जा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक संतांच्या अभंगांवर पोसलेले होते. त्यांनी ख्रिस्ताची तळमळ आपल्याच चालीत, आपल्याच बोलीत गायली. 'उपासना संगीत' या आपल्या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली त्यांची गाणी एकट्याने, हळू आवाजात म्हणून पाहा. जे बोलताना घशात अडकतं, ते गाताना सुटतं.

उपवास जमत असेल तर एका जेवणापुरता करा. मधुमेह वगैरे असेल तर मुळीच नको. भूक लागली की एवढंच म्हणायचं, प्रभू, तुझीही अशीच भूक दे.

मात्र झोप, जेवण, कामं सगळ्यांतलाच रस गेला असेल, तर ते पाळकांना आणि डॉक्टरांनाही सांगा. त्यात विश्वासाची कमतरता नसते.

मी अजून त्याच खुर्चीत बसतो. पंधरा मिनिटं झाल्यावर कधी कधी उठावंसंच वाटत नाही. रोज नाही. गेल्या आठवड्यात दोनदा तसं झालं.