वाचकांचे प्रश्न : एकाच नावाची दोन चर्चे

प्रश्न : ठाण्यात मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. अंधेरीला सीप्झ या निर्यात-उद्योगांच्या वसाहतीच्या आवारात एक पडके चर्च आहे, त्याचेही नाव तेच. या दोन्ही वास्तू एकाच वेळच्या आहेत का? सीप्झचे चर्च मराठ्यांनी पाडले असे ऐकले, ते खरे आहे का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : ठाणे आणि अंधेरी ही दोन्ही गावे साष्टी बेटावरची. 1534 च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेल्यावर या बेटावर जी अनेक चर्चे उभी राहिली, त्यांना संतांची नावे देण्यात आली, आणि बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचे (म्हणजेच सेंट जॉन द बॅप्टिस्टचे) नाव एकाहून अधिक ठिकाणी आले. नाव तेच असले, तरी वास्तू आणि तिथली धर्मग्रामे, म्हणजे त्या-त्या चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती वस्त्या, वेगळी आहेत. ठाण्याच्या चर्चमध्ये आजही नित्य मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक उपासना, होते. सीप्झमधले मात्र आता भिंतींपुरतेच उरले आहे.

सीप्झमधले चर्च जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांनी 1579 मध्ये कोंडिविटे परिसरातील ख्रिस्ती वस्तीसाठी उभारले. ते मराठ्यांनी पाडले, ही समजूत अनेकांची आहे, पण ती बरोबर नाही. मराठ्यांनी 1737 मध्ये साष्टी घेतली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, हे खरे. परंतु या चर्चचा वापर त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, 1840 च्या सुमारास थांबला, आणि त्याला कारण युद्ध नव्हते, साथीचा रोग होता. गावात माणसे दगावू लागली, तेव्हा उरलेले लोक मरोळकडे सरकले. जाताना त्यांनी मूर्ती, खांब आणि बाप्तिस्म्याचे दगडी पात्रही सोबत नेले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण मोडून टाकलेल्या वास्तूतून कोणी पात्र जपून उचलून नेत नाही. ज्या पात्रात आपल्या आईवडिलांचा बाप्तिस्मा झाला, ते मागे ठेवायला या लोकांचे मन धजले नसावे. मरोळच्या नव्या चर्चला मात्र दुसऱ्या योहानाचे, म्हणजे शुभवर्तमानकार संत योहानाचे नाव मिळाले. नावांचा घोळ त्यामुळे आणखी वाढतो.

पुढे पडझड झाली ती पावसाने. छप्पर गेले की भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत झिरपते, दगडांमधला चुना धुऊन जातो आणि त्या सांध्यांत पिंपळ रुजतो. कोकणातल्या कोणत्याही पडक्या वाड्यात हेच दिसते. 1973 मध्ये सीप्झची उभारणी झाल्यावर ही जागा कुंपणाच्या आत गेली. तिथे आता परवानगीशिवाय जाता येत नाही. वर्षातून एकदा मात्र जुन्या धर्मग्रामाचे वंशज जमून त्या भिंतींमध्ये मिस्सा करतात. तोवर थांबायचे नसेल, तर आपण मरोळच्या चर्चमध्ये जाऊन ते जुने पात्र पाहावे.